झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती आणि कॅथेटरद्वारे उपचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाची झडप बदलल्यावर किंवा दुरुस्त केल्यावर बहुतेक रुग्ण पुन्हा कामाला लागतात आणि वर्षानुवर्षे व्यवस्थित राहतात. काहींना मात्र काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धाप लागू लागते, तपासणीत झडपेत दोष आढळतो आणि ‘परत छाती उघडावी लागणार का’ हा प्रश्न सगळ्या घरासमोर उभा राहतो. प्रत्येक वेळी तशी गरज पडत नाही. मात्र कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, हा प्रत्येक दोषावरचा उपायही नव्हे. दोष नेमका कोठे आहे आणि तेथे जंतुसंसर्ग आहे की नाही, या दोन गोष्टी स्पष्ट झाल्याशिवाय उपचाराची निवड करू नये, हे धोरण खालील सर्व उत्तरांमागे आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या कोणत्या गुंतागुंतींवर कॅथेटरने उपचार करता येतात?

सर्वाधिक चर्चा दोन दोषांची होते. पहिला दोष म्हणजे कृत्रिम झडपेच्या कडेने होणारी गळती आणि दुसरा म्हणजे बसवलेल्या जैविक, म्हणजे प्राण्यांच्या ऊतकापासून बनवलेल्या, झडपेची झीज. याशिवाय शस्त्रक्रियेच्या जागी हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये राहिलेले छिद्र, महाधमनीच्या टाक्यांपाशी तयार झालेला फुगा, टाक्यामुळे आवळली गेलेली हृदयाची रक्तवाहिनी, हृदयाभोवती साचलेले पाणी आणि मंदावलेले ठोके यांवरही त्वचेतून सुई किंवा नळी घालून उपचार होऊ शकतात.

झडपेच्या कडेने गळती म्हणजे नेमके काय?

कृत्रिम झडपेभोवती कापडाची एक गोल कडी असते आणि शल्यविशारद ती कडी हृदयातील मूळ झडपेच्या जागेशी टाके घालून शिवतात. ती जागा कॅल्शियम साचून कडक झाली असेल, ऊतक नाजूक असेल किंवा नंतर जंतुसंसर्ग झाला असेल, तर एखादा टाका ऊतकातून सुटतो आणि कडी व हृदयाची भिंत यांच्यामध्ये फट राहते. झडपेच्या पाकळ्या अगदी व्यवस्थित उघडझाप करत असतात, पण रक्त त्या फटीतून उलट्या दिशेने जात राहते. झडपेच्या आतून होणारी गळती आणि कडेने होणारी गळती यांतील हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण दोन्हींचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत.

लहानमोठी सर्व प्रकारची गळती मोजली, तर शस्त्रक्रियेने बसवलेल्या एओर्टिक झडपेभोवती (हृदय आणि महाधमनी यांच्यामधील) ती साधारण २ ते १० टक्के आणि मायट्रल झडपेभोवती (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील) ७ ते १७ टक्के रुग्णांत आढळते. यांतील बहुतेक गळती किरकोळ असते. त्रास होऊन उपचार करावे लागतील असे रुग्ण साधारण १ ते ५ टक्के असतात.

या गळतीची लक्षणे कोणती? लघवीचा रंग का बदलतो?

लक्षणे दोन वाटांनी येतात. उलट जाणाऱ्या रक्ताचा भार हृदयावर पडल्याने जिना चढताना धाप लागते, रात्री सपाट झोपता येत नाही, पायांवर सूज येते आणि पूर्वी सहज जमणाऱ्या कामाने थकवा येतो. ही वाट डॉक्टर आणि नातेवाईक सहसा चटकन ओळखतात.

दुसरी वाट अधिक फसवी आहे. अरुंद फटीतून रक्त प्रचंड वेगाने जाते तेव्हा लाल पेशी कडेवर आदळून फुटतात. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतून बाहेर पडू लागले की लघवी, विशेषतः सकाळची, काळ्या चहासारखी गडद दिसते, डोळे किंचित पिवळे होतात आणि हिमोग्लोबिन हळूहळू उतरत जाते. रक्ततपासणीत एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारा घटक) वाढलेले, हॅप्टोग्लोबिन (सुटे हिमोग्लोबिन पकडणारे प्रथिन) जवळजवळ संपलेले आणि सूक्ष्मदर्शकाखालील काचेवर तुटक्या आकाराच्या पेशी दिसतात. गळती इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, लहान दिसत असूनही पेशी मोठ्या प्रमाणावर फुटत असू शकतात, म्हणून ‘गळती थोडीच आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. झडप बसवलेल्या व्यक्तीला वरचेवर रक्त चढवावे लागत असेल, तर केवळ लोहाच्या गोळ्या देत राहण्यापेक्षा त्यामागचे कारण शोधणे आवश्यक आहे.

गळती आढळली म्हणजे ती बुजवायलाच हवी का?

नाही. त्रास नसेल, हृदयाचे कप्पे वाढत नसतील आणि रक्तपेशी फुटण्याची चिन्हे नसतील, तर ठरावीक अंतराने इको करून लक्ष ठेवणे पुरते. धाप सौम्य असल्यास लघवीवाटे पाणी काढणाऱ्या आणि रक्तदाब नियंत्रणात ठेवणाऱ्या औषधांनी बराच काळ आराम मिळू शकतो. औषधांनी फट बुजत नाही, हे मात्र खरे आहे. त्यामुळे औषधे वाढवूनही धाप कायम राहत असेल किंवा रक्त वारंवार चढवावे लागत असेल, तर फट बंद करण्याचा विचार होतो.

कोणत्या तपासण्या लागतात?

छातीवरून केलेला नेहमीचा इको ही सुरुवात असते, परंतु धातूच्या झडपेची सावली पडल्यामुळे विशेषतः मायट्रल झडपेमागची गळती त्यात झाकली जाते. म्हणून अन्ननलिकेतून नळी घालून टीईई नावाचा इको करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागे असल्याने त्यातून मायट्रल झडप स्पष्ट दिसते, आणि त्रिमितीय प्रतिमेत फटीचा आकार व जागा दोन्ही कळतात. डॉक्टर आपसांत ही जागा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सांगतात, म्हणजे ‘फट दहा वाजता आहे’ असे म्हटले की शल्यविशारद, इको करणारे आणि कॅथलॅबमधील डॉक्टर या तिघांनाही एकच ठिकाण कळते. सीटी स्कॅनने फटीची लांबी, कॅल्शियम आणि तेथे पोहोचण्याचा कोन मोजता येतो. संसर्गाची शंका असल्यास रक्ताचे एकापेक्षा अधिक कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

येथे एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल आणि झडपेसोबत मिळालेले ओळखपत्र जपून ठेवावे. झडपेचा प्रकार, तिचे माप आणि शस्त्रक्रियेत आलेल्या अडचणी यांवर पुढील निर्णय अवलंबून असतात, आणि ही माहिती नसेल तर साध्या नियोजनालाही विलंब होतो.

फट कॅथेटरने प्रत्यक्षात कशी बुजवतात?

कॅथेटरने अशी फट बुजवल्याचे पहिले अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा जन्मजात हृदयदोषांसाठी बनवलेली छत्रीच्या आकाराची साधने वापरली होती. आज बहुतांश ठिकाणी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या, म्हणजे निटिनॉलच्या, बारीक तारांनी विणलेले प्लग वापरतात. हे प्लग ताणून नळीत भरता येतात आणि नळीबाहेर येताच आपला मूळ आकार घेतात. फटी सहसा गोल नसून चंद्रकोरीसारख्या असतात, म्हणून काही प्लग मुद्दाम लांबट बनवलेले असतात.

एओर्टिक झडपेची फट असेल तर जांघेतील धमनीतून महाधमनीच्या मार्गाने उलट दिशेने पोहोचतात. मायट्रल झडपेसाठी जांघेतील शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात जातात आणि दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्याला सुईने बारीक छिद्र पाडून डाव्या बाजूला येतात. या मार्गाने फटीचा कोन साधत नसेल, तर बरगड्यांमधून हृदयाच्या टोकाशी थेट प्रवेश करतात, पण त्यात रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. मायट्रल झडपेच्या वेळी सहसा पूर्ण भूल देतात, कारण टीईईची नळी बराच वेळ ठेवावी लागते.

सर्वात कसाचा भाग म्हणजे तारेने ती फट शोधणे. निसरड्या आवरणाची बारीक तार वाकड्या टोकाच्या नळीतून पुढे सरकवतात आणि एकाच वेळी क्ष-किरणांच्या व इकोच्या पडद्यावर पाहतात की ती झडपेच्या आतून गेली की कडीच्या बाहेरून. धातूच्या झडपेतून तार गेली तर पाकळी अडकू शकते, म्हणून ही खात्री झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकत नाहीत. काही वेळा पलीकडे गेलेले तारेचे टोक दुसऱ्या नळीतून सोडलेल्या फासाने पकडून शरीराबाहेर आणतात. तार दोन्ही टोकांना धरलेली असल्याने जाड नळीही वळणावरून मागे न घसरता पुढे जाते.

मग प्लग फटीत उघडतात, पण लगेच सोडत नाहीत. तो अजून वायरला जोडलेला असतानाच झडपेच्या पाकळ्या पूर्ण उघडतात व मिटतात का, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे तोंड मोकळे आहे का आणि गळती किती उरली, हे पाहतात. हलकेच ओढून प्लग पक्का बसल्याचीही खात्री करतात. काही बिघडत असल्यास तो पुन्हा नळीत ओढून घेता येतो, आणि हीच या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. लांबट फटीसाठी एका मोठ्या प्लगपेक्षा शेजारी शेजारी दोन लहान प्लग बसवणे अनेकदा अधिक सोयीचे ठरते.

कॅथेटरचा उपचार कोणाला करू नये?

झडपेवर सक्रिय जंतुसंसर्ग असेल तर प्लग बसवू नये. संसर्ग झालेल्या जागी आणखी एक परकी वस्तू ठेवल्याने जंतूंना आसरा मिळतो आणि संसर्ग आटोक्यात येणे कठीण होते. अशा वेळी प्रतिजैविके आणि बहुधा शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. झडप आपल्या जागी डुलत असेल किंवा कडीचा सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाहून अधिक भाग सुटला असेल, तरीही प्लगला घट्ट आधार मिळत नाही. कृत्रिम झडपेवर किंवा हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी असेल तर तार फिरवताना ती निसटून मेंदूत जाण्याची भीती असते, म्हणून आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो.

रुग्ण तरुण व धडधाकट असेल आणि फट कॅथेटरसाठी अनुकूल नसेल, तर अनुभवी शल्यविशारदाकडून दुसरी शस्त्रक्रिया करून घेणे अधिक टिकाऊ ठरू शकते. दुसऱ्या वेळी छाती उघडताना आधीच्या चिकटलेल्या ऊतकांमुळे जोखीम वाढते, हे खरे आहे. तरीही ‘कॅथेटर म्हणजे सोपे, शस्त्रक्रिया म्हणजे भयंकर’ अशी सरसकट विभागणी रुग्णाच्या हिताची नाही. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद, इकोतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतात तेव्हा तो अधिक विश्वासार्ह असतो, आणि तशी चर्चा झाली का हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

यश किती मिळते आणि धोके कोणते?

अनुभवी केंद्रांत बहुसंख्य रुग्णांत, ढोबळमानाने दहापैकी आठ किंवा त्याहून अधिक जणांत, प्लग योग्य जागी बसवता येतो. मात्र प्लग बसला म्हणजे त्रास गेला असे समजू नये, कारण आराम उरलेल्या गळतीवर अवलंबून असतो. धापेचा त्रास कमी होण्याची शक्यता चांगली असते. रक्तपेशी फुटण्याचा त्रास असलेल्यांना तुलनेने कमी फायदा होतो. क्वचित प्लगच्या जाळीतून उरलेली बारीक पण वेगवान धार पेशी अधिकच फोडते आणि तेव्हा दुसरा प्लग किंवा शस्त्रक्रिया लागते.

प्लग निसटून रक्तप्रवाहात जाणे, झडपेची पाकळी अडकणे, पक्षाघात, हृदयाभोवती रक्त साचणे, नळी घातलेल्या जागी रक्तस्राव आणि रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडांवर ताण हे ज्ञात धोके आहेत. मूत्रपिंडे आधीच कमकुवत असतील तर ते आधी सांगावे.

जैविक झडप खराब झाली तर ‘झडपेत झडप’ बसवता येते का?

गाय किंवा डुकराच्या ऊतकापासून बनवलेली झडप कायमची टिकत नाही. साधारण १० ते १५ वर्षांत तिच्या पाकळ्या कडक होतात किंवा फाटतात, आणि तरुण रुग्णांत ही झीज लवकर होते. अशा वेळी जुनी झडप न काढता तिच्याच आत नवी झडप कॅथेटरने उघडता येते. फ्रान्समधील रुआँ येथे हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी माणसात पहिल्यांदा कॅथेटरने एओर्टिक झडप बसवली आणि त्यानंतर काही वर्षांतच हे तंत्र खराब झालेल्या जैविक झडपांसाठीही वापरले जाऊ लागले. अमेरिकेत एओर्टिक जागेसाठी या वापराला २०१५ साली आणि मायट्रल जागेसाठी २०१७ साली मान्यता मिळाली.

जुन्या झडपेची कडी नव्या झडपेला पक्का आधार देते, हा मोठा फायदा आहे. अडचणी तीन प्रकारच्या असतात. पहिली अडचण जागेची आहे. आधीची झडप लहान, म्हणजे २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी मापाची असेल, तर आत दुसरी बसवल्यावर रक्ताची वाट आणखी अरुंद होते. काही विशिष्ट झडपांची कडी उच्च दाबाच्या फुग्याने मुद्दाम तडकवून जागा करता येते, पण सर्व झडपांच्या बाबतीत ते शक्य नसते. दुसरी अडचण अशी की, बाजूला सारल्या गेलेल्या जुन्या पाकळ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे तोंड झाकू शकतात. हे क्वचित, म्हणजे २ ते ३ टक्क्यांच्या आसपास घडते, परंतु घडल्यास जीवघेणे ठरते. सीटी स्कॅनवरून आधीच अंदाज बांधून, नवी झडप बसवण्यापूर्वी विद्युतप्रवाह सोडलेल्या बारीक तारेने जुनी पाकळी मधोमध चिरण्याचे तंत्र यासाठी विकसित झाले आहे. तिसरी अडचण मायट्रल जागेची असून, नवी झडप डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त बाहेर जाण्याच्या वाटेत येऊ शकते.

म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी शक्य तितक्या मोठ्या मापाची झडप बसवणे हा पुढच्या अनेक वर्षांचा विचार असतो. पहिलीच शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर हा प्रश्न शल्यविशारदांना आवर्जून विचारावा.

धातूच्या झडपेत असे करता येते का?

नाही. तिच्या कडक तबकड्या बाजूला सारता येत नाहीत. धातूच्या झडपेवर गुठळी बसली तर परिस्थितीनुसार हेपॅरिन (रक्त गोठणे रोखणारे इंजेक्शन), शिरेतून दिलेले गुठळी विरघळवणारे औषध किंवा तातडीची शस्त्रक्रिया यांतून निवड होते. झडपेचा ओळखीचा ‘टिक टिक’ आवाज अचानक मंदावणे किंवा थांबणे ही धोक्याची खूण आहे आणि ती जाणवल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

टाक्यामुळे रक्तवाहिनी आवळली जाते, हे खरे आहे का?

होय, पण हे विरळ आहे. हृदयाची सर्कमफ्लेक्स नावाची रक्तवाहिनी मायट्रल झडपेच्या कडेलगत जाते. खोलवर गेलेल्या टाक्याने ती ओढली किंवा आवळली जाऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर लगेच ईसीजीमध्ये बदल दिसून रक्तदाब ढासळला, तर अँजिओग्राफी करून काही रुग्णांत स्टेंटने रक्तप्रवाह पूर्ववत करता येतो. एओर्टिक झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी रक्तवाहिनीच्या तोंडाशी अरुंदपणा येऊन छातीत दुखू शकते. त्यावरही स्टेंट किंवा बायपास हे पर्याय आहेत.

महाधमनीच्या टाक्यांपाशी किंवा हार्ट-लंग मशीनची नळी घातलेल्या जागी तयार होणारा फुगा छातीच्या हाडाला चिकटलेला असेल, तर पुन्हा छाती उघडणे धोक्याचे असते. त्याचे तोंड अरुंद आणि जागा अनुकूल असल्यास ते प्लगने बंद करता येते. संसर्ग नसल्याची खात्री येथेही आवश्यक आहे.

हृदयाभोवती पाणी साचल्यास?

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे सुरू असताना, हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी किंवा रक्त साचून हृदय दाबले जाऊ शकते. इकोच्या मार्गदर्शनाखाली सुईने आवरणात जाऊन बारीक नळी ठेवून ते काढतात. पाणी मागच्या बाजूला किंवा गोठलेले असेल तर लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते.

पेसमेकर का लागतो?

हृदयातील विद्युत संदेश वाहून नेणारे तंतू एओर्टिक व मायट्रल झडपांच्या अगदी जवळून जातात. त्यांना सूज किंवा इजा झाल्यास ठोके मंदावतात. सूज ओसरण्यासाठी साधारण ५ ते ७ दिवस तात्पुरत्या पेसमेकरवर वाट पाहतात आणि संदेश पूर्ववत न झाल्यास कायमचा पेसमेकर बसवतात. उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप धातूची असल्यास तिच्यातून वायर नेता येत नाही. तेव्हा हृदयाच्या शिरेतून किंवा बाहेरील पृष्ठभागावर वायर लावावी लागते.

उपचारानंतर रक्त पातळ करणारी औषधे बंद होतात का?

धातूची झडप असल्यास वॉरफॅरिन किंवा त्याच गटातील औषध आयुष्यभर घ्यावेच लागते. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे मोजमाप, किती ठेवायचा हे झडपेची जागा आणि प्रकार यांवरून ठरते. एओर्टिक जागी सहसा २ ते ३ आणि मायट्रल जागी २.५ ते ३.५ असे लक्ष्य असते. नवीन गोळ्यांचा मोह धातूच्या झडपेसाठी टाळावा. अशाच एका गोळीची, डॅबिगाट्रानची, या रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मुदतीपूर्वीच थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. कॅथेटरच्या उपचारापूर्वी वॉरफॅरिन कधी थांबवायचे, त्याऐवजी इंजेक्शन घ्यायचे का आणि पुन्हा कधी सुरू करायचे, हे लेखी घ्यावे आणि मनाने त्यात बदल करू नये.

प्लग बसवल्यावर एमआरआय चालतो का?

निटिनॉलचे प्लग आणि बहुतेक आधुनिक झडपा ठरावीक अटींत एमआरआयसाठी सुरक्षित असतात. तपासणीपूर्वी ओळखपत्र दाखवावे. पेसमेकर असल्यास त्याची स्वतंत्र चौकशी लागते.

दातांच्या उपचारापूर्वी काय काळजी घ्यावी?

कृत्रिम झडप असलेल्या व्यक्तीने दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांतून रक्त येईल अशा उपचारापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस घ्यावा. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्या प्रौढांसाठी सहसा अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, उपचाराआधी ३० ते ६० मिनिटे, असा तो असतो. रोज दोनदा दात घासणे आणि दंतवैद्यांकडे नियमित जाणे हे त्या डोसइतकेच महत्त्वाचे आहे, कारण झडपेच्या संसर्गातील अनेक जंतू तोंडातूनच रक्तात शिरतात.

घरी आल्यावर कोणत्या लक्षणांसाठी वाट पाहू नये?

बोलणे अडखळणे, चेहरा किंवा हातपाय एका बाजूने लुळे पडणे, छातीत दुखणे, अचानक वाढलेली धाप, भोवळ येऊन पडणे आणि जांघेत वाढत जाणारी गाठ किंवा रक्तस्राव यांसाठी तातडीने रुग्णालयात जावे. ताप आल्यास तो साधा असेल असे गृहीत धरून घरीच प्रतिजैविक घेऊ नये. आधी रक्ताचे कल्चर घ्यायला सांगावे, कारण गोळी पोटात गेल्यानंतर जंतू कल्चरमध्ये सापडेलच असे नाही आणि मग योग्य औषध निवडणे कठीण होते. लघवी पुन्हा गडद झाली तर तिचा नमुना आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावे आणि प्लग बसवणाऱ्या डॉक्टरांना कळवावे.